फोटो एडिटिंगसाठी कॉम्प्युटर अपग्रेड करताना: काय बदलायचं, कोणत्या क्रमाने

‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ एवढ्या तक्रारीवरून कोणता भाग बदलायचा हे ठरवता येत नाही. स्लो म्हणजे नक्की कुठे? स्लायडर सरकवला की चित्र मागाहून बदलतं? एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना ‘लोडिंग’ दिसत राहतं? एक्स्पोर्ट संपता संपत नाही? की चार लेयर झाले की सगळंच हँग होतं? पहिल्यामागे बहुधा ग्राफिक्स कार्ड किंवा मोठा मॉनिटर असतो, दुसऱ्यामागे डिस्क आणि प्रीव्ह्यू (फोटो झटपट दाखवण्यासाठी बनवलेल्या प्रती), तिसऱ्यामागे प्रोसेसर आणि चौथ्यामागे जवळजवळ नेहमीच रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. चुकीचा भाग बदलला तर पैसे जातात आणि वाट बघणं तसंच राहतं.

याच्यामागचं गणित साधं आहे. संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियमही हेच सांगतो. एखाद्या कामाला १० मिनिटं लागतात आणि त्यातलं १ मिनिट डिस्कमुळे जातं असं समजा. डिस्क कितीही वेगवान आणली तरी ते काम ९ मिनिटांच्या खाली येणार नाही. म्हणून खरेदीआधी मोजणी.

आधी मोजणी

तुमच्याच कॅमेऱ्यातले ५० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले) फोटो एका फोल्डरमध्ये काढा. इंटरनेटवरचे तयार बेंचमार्क (वेगाच्या चाचण्या) इथे फारसे कामाचे नाहीत, कारण तुमच्या फाइल किती मेगापिक्सेलच्या आहेत आणि तुम्ही त्यांवर काय काय करता, हे त्यांना ठाऊक नसतं. मग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हे वेळ लिहून ठेवा:

- ५० फोटो इम्पोर्ट करून पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू बनवायला लागणारा वेळ
- ठरलेलं एडिटिंग सगळ्यांना लावून जेपेग एक्स्पोर्ट करायला लागणारा वेळ
- लाइटरूमच्या डेव्हलप मोड्यूलमध्ये, म्हणजे एडिटिंगच्या पानावर, पुढच्या फोटोवर गेल्यावर तो स्पष्ट दिसेपर्यंतचा वेळ
- एका फोटोवर एआय डीनॉइज (फोटोतला दाणेदारपणा काढणं), म्हणजे ते तुम्ही वापरत असाल तर
- नेहमीची भरपूर लेयर असलेली फाइल उघडणं आणि सेव्ह करणं

प्रत्येक चाचणीआधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. नाहीतर दुसऱ्या खेपेला फाइल रॅममधूनच उचलल्या जातात आणि आकडे उगाचच चांगले येतात. प्रीव्ह्यूची चाचणी पुन्हा घेताना आधीचे प्रीव्ह्यू काढून टाका.

चाचणी सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’ टॅबवर जा. बहुतेक निदान इथेच होतं.

डिस्कचा ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्क्यांना टेकलाय, पण वाचन-लेखनाचा वेग मात्र सेकंदाला जेमतेम ५-१० एमबी आहे? मग डिस्क लहान लहान फाइल शोधण्यातच दमतेय. फिरणाऱ्या हार्ड डिस्कचं हे ठरलेलं लक्षण. मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’चा (सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेल्या मेमरीचा) आकडा प्रत्यक्ष बसवलेल्या रॅमच्या पुढे गेला असेल आणि त्याच वेळी डिस्कही धडपडत असेल, तर रॅम कमी पडतेय. फोटोशॉपमध्ये आणखी थेट खूण मिळते. खिडकीच्या खालच्या पट्टीतल्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडा. तो आकडा १०० टक्क्यांच्या खाली आला की समजायचं, फोटोशॉप रॅम सोडून स्क्रॅच डिस्कवर (डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेवर) काम करू लागलंय.

प्रोसेसरचा आलेख वाचताना बरेच जण फसतात. एकूण वापर १२-१३ टक्के दिसला की वाटतं, प्रोसेसर तर निवांत बसलाय. पण आठ थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी कामाचे आठ धागे चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण ताणलेला असला तरी आकडा १२.५ टक्केच दिसतो. आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडलं की प्रत्येक थ्रेड वेगळा दिसतो. एखादाच चौकोन भरलेला आणि बाकीचे रिकामे असतील, तर जास्त कोअरचा (काम करणाऱ्या भागांचा) प्रोसेसर घेऊन फायदा नाही. एका कोअरचा वेग जास्त असलेला हवा. सगळेच चौकोन भरलेले असतील, तर मात्र जास्त कोअर कामाला येतात. त्याच पानावर चालू वेग आणि ‘बेस स्पीड’ही दिसतात. ऐन कामात चालू वेग बेस स्पीडच्या खाली घसरत असेल तर बहुधा प्रोसेसर तापतोय. तिथे नव्या भागाआधी धूळ काढायला ब्रश आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट लागेल.

खर्च न करता जे होतं ते आधी

लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर प्रेफरन्सेसमधल्या ‘परफॉर्मन्स’ टॅबवर दोन गोष्टी बघा. कॅमेरा रॉ कॅशची (नुकत्याच वाचलेल्या रॉ फाइलच्या तात्पुरत्या साठ्याची) मर्यादा अनेकदा ५ जीबीवरच असते. जागा असेल तर २०-३० जीबी करा. दुसरी गोष्ट, मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रीव्ह्यूवर (तिच्या लहान प्रतीवर) एडिट करण्याचा पर्याय. तो फार कमी लोक वापरतात. स्मार्ट प्रीव्ह्यूची लांब बाजू साधारण २५०० पिक्सेलची असते. २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ६००० बाय ४०००च्या फोटोशी तुलना केली तर प्रोग्रॅमला पाच-सहा पट कमी पिक्सेल हलवावे लागतात. एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइलच वापरली जाते, त्यामुळे दर्जा कमी होत नाही. फक्त शार्पनिंग आणि नॉइज तपासायला मूळ फाइलवर जावं लागतं. जुन्या लॅपटॉपवर तर या एका पर्यायाने अपग्रेड वर्षभर पुढे ढकलता येतं.

फोटोशॉपमध्ये हिस्टरी स्टेट्स (मागे जाता येणाऱ्या पायऱ्या) ५० असतात, २०-२५ पुरतात. मेमरीचा स्लायडर ७० टक्क्यांवर असतो. फोटोशॉप एकटंच चालवत असाल तर ८०-८५ पर्यंत न्यायला हरकत नाही, त्याच्या पुढे विंडोजचीच कोंडी होते. पिक्सेल लेयरच्या प्रती काढत बसण्यापेक्षा ॲडजस्टमेंट लेयर वापरा, त्याची फाइल कितीतरी हलकी राहते.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर विंडोज अपडेटवर न सोपवता कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर निवडा. पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’वर आहे का आणि सिस्टिम ड्राइव्हवर निदान १५ टक्के जागा मोकळी आहे का, हेही बघा. त्यानंतर मोजणी पुन्हा करा. कधीकधी पुढचं काही करायची गरजच उरत नाही.

रॅम: हिशेब मांडून घ्या

‘१६ पुरे की ३२ हवी’ या वादापेक्षा स्वतःच्या फाइलचा हिशेब केलेला बरा. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. १६ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन रंग आणि दर रंगाला २ बाइट, म्हणजे ६ बाइट. एकूण १४४ एमबी, तेही एका पूर्ण पिक्सेल लेयरचे. अशी १० लेयर म्हणजे जवळपास दीड जीबी. त्यावर हिस्टरीच्या पायऱ्या, कॅश, बाजूला उघडं असलेलं लाइटरूम, ब्राउझरचे टॅब आणि खुद्द विंडोज. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर एक लेयर २७० एमबीवर जाते. सहा-आठ फोटो जोडून पॅनोरमा करणाऱ्याचा किंवा फोकस स्टॅकिंगसाठी (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र करण्यासाठी) ३० फ्रेम लेयर म्हणून उघडणाऱ्याचा आकडा कुठे पोचेल ते तुम्हीच काढा.

माझं मत सांगतो. ८ जीबीवर आता काम करणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा. फक्त लाइटरूम किंवा डार्कटेबल (तसाच दुसरा रॉ एडिटिंगचा प्रोग्रॅम) आणि अधूनमधून हलकं रीटचिंग असेल तर १६ चालते. दोन प्रोग्रॅम एकत्र उघडे ठेवत असाल तर ३२ घ्या. बहुतेक हौशी फोटोग्राफरांनी तिथेच थांबावं. ६४ फक्त मोठे पॅनोरमा आणि स्टॅकिंगवाल्यांसाठी. आणि एक ध्यानात ठेवा: रॅम अपुरी असेल तर वाढवल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण पुरेशी असेल तर आणखी टाकून काहीच होत नाही.

विकत घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते बघा. मग मदरबोर्डचं मॅन्युअल काढून रॅमची पिढी डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५ आणि जास्तीत जास्त किती रॅम चालते ते पाहा. तिन्हींच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही; जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नका. शक्यतो दोन काड्यांचा एकच संच घ्या, म्हणजे ड्युअल चॅनेल (एकाच वेळी दोन वाटांनी डेटा) मिळतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर हे जास्त महत्त्वाचं, कारण तिथे ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं. जुन्या काडीशेजारी कमी वेगाची नवी बसवली तर दोन्ही कमी वेगानेच चालतात. डीडीआर५मध्ये चारही स्लॉट भरले की वेग अनेकदा आपोआप खाली येतो, म्हणून ३२ जीबी हवी असेल तर १६च्या दोन बऱ्या, ८च्या चार नकोत.

बसवायचं काम दहा मिनिटांचं. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. स्लॉटच्या कडेच्या कळा उघडा, काडीची खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. कळ आपोआप ‘टक्’ करून मिटली की काडी नीट बसली. कळ बोटाने ओढून मिटवावी लागत असेल तर बसलेली नाही. चार स्लॉट असतील तर दोन काड्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, तरी मॅन्युअल बघाच.

पहिल्यांदा चालू केल्यावर, विशेषतः डीडीआर५वर, स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून प्लग ओढू नका. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू करा, नाहीतर रॅम पाकिटावर लिहिलेल्या वेगापेक्षा कमी वेगाने चालत राहील. शेवटी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक एकदा पूर्ण चालवा. कॉपी होताना बिघडलेले फोटो, जेपेगमध्ये मध्येच आलेल्या रंगीत पट्ट्या, असले प्रकार सदोष रॅममुळे होऊ शकतात आणि ते महिन्यांनंतर लक्षात येतात.

एसएसडी: काय कुठे ठेवायचं

सिस्टिम अजून फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर असेल तर बाकी सगळं सोडून आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या. हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला १००-२०० एमबी देते, पण विखुरलेल्या लहान फाइलसाठी तिचा हात दरवेळी हलवावा लागतो आणि प्रत्येक शोधाला साधारण १० मिलिसेकंद जातात. लाइटरूमचा कॅटलॉग (फोटो आणि एडिटिंगची नोंदवही) आणि प्रीव्ह्यू म्हणजे असे हजारो शोध. साटा (जुनी जोडणी) एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) तिसऱ्या पिढीत ३५०० आणि चौथ्या पिढीत ७०००च्या आसपास. मात्र आकडे बघून भुलू नका. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, त्याच्या मानाने साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर फोटोच्या कामात फारच थोडा जाणवतो.

आणि सगळे फोटो एसएसडीवर ठेवायलाच हवेत असं नाही. रॉ फाइल ३०-५० एमबीची. ती सलग वाचली जाते, म्हणजे हार्ड डिस्कवरूनही अर्ध्या सेकंदाच्या आत उचलली जाते. म्हणून विंडोज, प्रोग्रॅम, कॅटलॉग, प्रीव्ह्यू, कॅश आणि स्क्रॅच एसएसडीवर आणि जुने रॉ मोठ्या हार्ड डिस्कवर, ही वाटणी खिशालाही परवडते. सध्या ज्या शूटवर काम सुरू आहे तेवढं एसएसडीवर ठेवा, संपलं की हलवा. हलवताना लाइटरूमच्या आतूनच फोल्डर ओढा, नाहीतर कॅटलॉगमध्ये प्रश्नचिन्हांचा बाजार भरेल.

मदरबोर्डवर एम.२चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट दिसला म्हणून लगेच एनव्हीएमई मागवू नका. काही स्लॉट फक्त साटा एम.२ घेतात. काही बोर्डांवर एम.२ भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात आणि मग जुनी हार्ड डिस्क ‘गायब’ झाली म्हणून शोधाशोध होते. खूप जुने बोर्ड एनव्हीएमईवरून बूटच होत नाहीत. तिथे साटा एसएसडी गपचूप काम करते. स्वस्तातल्या क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) एसएसडींचा वेग मोठी फाइल लिहिताना मध्येच कोसळतो, त्यामुळे स्क्रॅचसाठी टीएलसी (तीन बिटवाली) घेतलेली चांगली.

बदलण्याची पद्धत अशी. सगळ्यात आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि त्यातले दोन-चार फोटो उघडून खात्री करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे लिहून घ्या; डिस्क किंवा बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. नवी एसएसडी जोडा आणि एसएसडी कंपनीच्या क्लोनिंग प्रोग्रॅमने सिस्टिम डिस्कची प्रत काढा. जुन्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कपेक्षा जास्त असेल तर फोटो आधी बाहेर हलवा. क्लोन झाल्यावर बंद करा, जुनी डिस्क काढून ठेवा आणि फक्त नवीवर बूट करून बघा. दोन्ही जोडलेल्या ठेवल्या तर नक्की कोणत्या डिस्कवरून विंडोज चालू झालंय याचा घोळ होतो. विंडोज बरीच वर्षं जुनं आणि कचऱ्याने भरलेलं असेल, तर मी क्लोनच्या फंदात न पडता नव्याने इन्स्टॉल करायला सांगेन. एक सुट्टीचा दिवस जातो खरा, पण डोकेदुखी कमी होते.

ग्राफिक्स कार्ड: कुणाला खरंच हवं

पूर्वी फोटोसाठी ग्राफिक्स कार्डाला फार महत्त्व नव्हतं. लाइटरूम क्लासिकमध्ये जून २०२२पासून एक्स्पोर्टही कार्डावर होऊ लागलं आणि एप्रिल २०२३मध्ये एआय डीनॉइज आल्यावर चित्र पालटलं. साध्या इंटिग्रेटेड (प्रोसेसरमध्येच असलेल्या) ग्राफिक्सवर एका फोटोच्या डीनॉइजला कित्येक मिनिटं लागतात, तिथे मध्यम दर्जाच्या कार्डावर काही सेकंदांत काम होतं. रात्रीचे, पक्ष्यांचे, स्टेजचे फोटो काढणाऱ्याला जास्त आयएसओमुळे हे रोज लागतं. नुसती लेयर-मास्कची कामं करणाऱ्याला नाही.

प्रोग्रॅमप्रमाणेही फरक पडतो. डार्कटेबल ओपनसीएलमधून (कार्डाकडे काम सोपवण्याच्या पद्धतीतून) कार्डाचा भरपूर वापर करतं. रॉथेरपी हा रॉ प्रोग्रॅम सगळं काम प्रोसेसरवरच करतं, तिथे महाग कार्ड शोभेचं. मॉनिटर हाही मुद्दा आहे: फुल एचडीत सुमारे २१ लाख पिक्सेल, ४केमध्ये ८३ लाख. मशीन तेच ठेवून फक्त मॉनिटर ४के घेतला आणि स्लायडर अडखळू लागले, तर कारण हेच.

घेताना कार्डावरची मेमरी ८ जीबी बघा. एआयच्या कामांना ती लागते. मग एसएमपीएसकडे (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडे) वळा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५ आणि ८ पिनमधून १५०. तुमच्या एसएमपीएसला ती जोडणी आहे का आणि त्याचे एकूण वॅट पुरतात का ते लेबलवर वाचा. जुन्या, नाव नसलेल्या एसएमपीएसवर नवं कार्ड लावणं हा विषाची परीक्षा घेण्याचा प्रकार आहे. कॅबिनेटमध्ये कार्डाच्या लांबीएवढी जागा आहे का, तेही टेप लावून मोजा.

बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा. ती मदरबोर्डच्याच पोर्टला राहिली, तर स्क्रीनचं काम जुन्याच इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर होत राहतं आणि नव्या कार्डाचा पुरेपूर फायदा मिळत नाही.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी

प्रोसेसर बदलायचा म्हणजे सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जुळायला हवं, आणि ते अनेकदा जुळत नाही. एएमडीच्या एएम४ बोर्डवाल्यांचं नशीब चांगलं: २०१७च्या रायझन १००० मालिकेपासून ५००० मालिकेपर्यंत तेच सॉकेट राहिलं आणि अनेक जुने बोर्ड बायोस अपडेटनंतर ५००० मालिका घेतात. अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचा, नंतर नाही. इतर बऱ्याच मशीनवर प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड, कधी रॅमही बदलावी लागते, म्हणजे जवळजवळ नवा कॉम्प्युटरच. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे आणि विंडोज ११ला इंटेलची ८वी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या-पाचव्या पिढीच्या मशीनमध्ये एसएसडी टाका हवं तर, ती पुढच्या मशीनलाही चालेल. महागडं काही नको.

लॅपटॉपवाल्यांना निवड कमीच. मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का ते आधी पाहा. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येतच नाही, त्यामुळे ती घेतानाच पुढचा विचार करून घ्यावी लागते.

बसवल्यानंतर

नवा भाग बसला म्हणून प्रोग्रॅम तो आपणहून वापरेलच असं नाही. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क नव्या एसएसडीवर आहे का, लाइटरूमची कॅश अजून जुन्या ड्राइव्हकडे बोट दाखवते का, ग्राफिक्स प्रोसेसर ‘ऑटो’ऐवजी पूर्ण वापरावर आहे का, डार्कटेबलमध्ये ओपनसीएल चालू आहे का, हे एकेक तपासा. मग तेच ५० फोटो, तोच स्टॉपवॉच. ज्या कामासाठी भाग घेतला त्याच कामाचा आकडा हलला नसेल, तर एक्सएमपी, स्लॉट, केबल आणि ड्रायव्हर या क्रमाने बघा. सगळं बरोबर असूनही फरक नसेल, तर विक्रेत्याची परत घेण्याची मुदत संपायच्या आत तो भाग परत करा.